बंद दार आणि बातमीदार

नाशिक रोडच्या परिसरांत सरकारी पहाऱ्याखालीं असलेल्या दोन जागा आहेत, आणि त्या दोहोंत मोठा फरक आहे. पहिली जागा म्हणजे टपालाचीं तिकिटें व नोटा छापणारे सरकारी छापखाने. तिकिटांची छपाई तेथें १९२५ सालीं सुरू झाली, नोटांची १९२८ सालीं. उंच भिंत, फाटकावर झडती, आंत जाणाऱ्याची आणि बाहेर पडणाऱ्याची नोंद: येथें परक्यानें शिरावयाचें नाहीं हें लहान पोरालाहि कळतें. दुसरी जागा देवळालीची छावणी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विलायतेहून मुंबईस उतरणाऱ्या गोऱ्या पलटणींच्या मुक्कामासाठीं ती वसली. परत जाणाऱ्या सोजिरांनाहि जहाज मिळेपर्यंत येथेंच खोळंबून राहावें लागे. या खोळंब्यानें कित्येकांचीं डोकीं फिरत, म्हणून वेड लागणें या अर्थीं 'डुलाली' हा शब्द इंग्रजी बोलींत देवळालीच्याच नांवावरून रूढ झाला. (हा बहुमान कांहीं नाशिककरांनीं मागितलेला नव्हता!) आज तेथें तोफखान्याचें विद्यालय आहे, परंतु त्याच परिसरांत बाजार आहे, आरोग्यभुवनें आहेत, शाळा आहेत, आणि नागरिकांची वर्दळ असलेले रस्तेहि आहेत. लष्कर कोठें संपतें आणि गांव कोठें सुरू होतो, हें देवळालींत चालतां चालतां सांगणें नेहमींच सोपें नसतें.

ही हद्दीची अस्पष्टता २०१७ सालीं एका फौजदारी खटल्याचा विषय होऊन बसली. पूनम अग्रवाल या तेव्हां 'द क्विंट' या संकेतस्थळाच्या बातमीदार होत्या. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत त्यांनीं देवळालीस येऊन छुप्या कॅमेऱ्यानें कांहीं जवानांचें बोलणें टिपलें. विषय होता 'सहायक' पद्धतीचा. इंग्रजी अमदानींत प्रत्येक गोऱ्या अधिकाऱ्याच्या दिमतीस एक शिपाई असे. त्याचाच हा वारसा. लष्कराच्या मतें सहायकाचें काम म्हणजे अधिकाऱ्याचा गणवेश व हत्यार यांची व्यवस्था ठेवणें आणि रणांगणावर त्याच्या पाठीशीं उभें राहणें. परंतु प्रत्यक्षांत त्याच्याकडून कुत्रीं फिरविणें, मुलांना शाळेंत पोंचविणें, घरची सामानसुमानाची ने-आण असलीं कामें करून घेतलीं जातात, अशी तक्रार फार दिवसांची होती. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनें २००८ सालींच ही प्रथा बंद करण्याची शिफारस केली होती. आरमारांत व हवाई दलांत ही प्रथा नाहींच. २०१७ च्या जानेवारींत कांहीं जवानांनीं आपलीं गाऱ्हाणीं स्वतः चित्रित करून लोकांपुढें मांडलीं, तेव्हां लष्करप्रमुख बिपिन रावत यांनीं सैन्यदिनाच्या भाषणांत त्यांना बजावलें कीं, तक्रारीसाठीं पेट्या ठेवल्या आहेत. त्या सोडून बाहेर बोलणारा शिक्षेस पात्र ठरूं शकेल. अशा तंग हवेंत देवळालीची चित्रफीत प्रसिद्ध झाली.

तिच्यांत जवानांचे चेहरे पुसट करण्यांत आले होते. तथापि तीं चित्रें प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांत केरळमधील एक लान्स नाईक छावणींतून नाहींसा झाला, आणि २ मार्च रोजीं एका ओसाड बराकींत त्याचें प्रेत आढळलें. चित्रफितींत बोलणाऱ्यांपैकीं तो एक होता. त्याला न कळवितां, सूचक प्रश्न विचारून त्याच्याकडून हें वदवून घेण्यांत आलें, असें लष्कराचें म्हणणें पडलें. मार्चच्या अखेरीस देवळाली कँप पोलीस ठाण्यांत पूनम अग्रवाल यांच्यावर, आणि त्यांना साह्य केल्याच्या आरोपावरून कारगिल युद्धांत भाग घेतलेल्या एका माजी सैनिकावर, गुन्हा नोंदला गेला. आरोप साधे नव्हते. दंडसंहितेखालीं आत्महत्येस प्रवृत्त करणें, घरांत अपप्रवेश व अब्रुनुकसानी. आणि त्यांवर कळस म्हणून १९२३ च्या शासकीय गुपितें अधिनियमाचीं तिसरें व सातवें कलम. यांतील तिसरें कलम हेरगिरीचें आहे. संरक्षणविषयक स्थळाच्या बाबतींत त्याची शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते.

सहायकाला कुत्रें फिरवावें लागतें, ही शत्रूच्या उपयोगाची माहिती आहे काय? हा प्रश्न सामान्य माणसाला सहज सुचेल. परंतु कायद्यानें तो प्रश्न फारसा विचारलाच नाहीं. त्यानें विचारलें तें हें कीं, ही बाई आंत शिरली कशी? माहिती काय आहे यापेक्षां दार कोणतें होतें याकडे कायद्याची दृष्टि वळली. आणि ती अशी कां वळली याला जवळजवळ दीडशें वर्षांचा इतिहास आहे.

त्याचा उगम लंडनमध्यें सांपडतो. १८७८ सालीं तुर्कस्तानच्या प्रश्नावर बर्लिनला परिषद भरावयाची होती. तत्पूर्वीं इंग्लंड व रशिया यांच्यांत एक गुप्त समझोता झाला. ब्रिटिश परराष्ट्र खात्यांत तासावर पगार घेऊन नकला करणारा चार्ल्स मार्व्हिन नांवाचा एक लेखनिक होता. हा समझोता त्याच्या हाताखालून गेला. त्यानें त्याचा सारांश 'ग्लोब' पत्राला दिला. लॉर्ड सॅलिसबरी यांनीं वरिष्ठ सभागृहांत ती बातमी विश्वासास अपात्र म्हणून झटकून टाकली; तेव्हां पंधरा दिवसांनीं त्याच पत्रांत समझोत्याचा समग्र मजकूर झळकला! मार्व्हिनला चोरीच्या आरोपावरून पकडण्यांत आलें. पण चोरी कशाची? खात्याचा एकहि कागद हरवला नव्हता. मजकूर त्यानें पाठ केला होता. कागदाची चोरी सिद्ध होईना आणि मनांत उतरवून घेतलेल्या मजकुराला चोरीचा कायदा लागू होईना. मॅजिस्ट्रेटनें त्याला सोडून दिलें. चोराच्या घरीं माल सांपडतो तेव्हां तो मालकाच्या घरीं नसतो, हा चोरीच्या कायद्याचा पाया; आणि ज्ञान तर दोन्हीं घरीं एकदम नांदूं शकतें. सरकारची खरी पंचाईत झाली ती येथें.

महाराष्ट्रांत यानंतर चार वर्षांनीं जें प्रकरण गाजलें त्यांत मात्र दाराचा प्रश्न नव्हता, कागदाच्या खरेपणाचा होता. कोल्हापूरच्या अल्पवयी छत्रपतींना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, असा बोभाटा होता. कारभारी माधवराव बर्वे यांच्या नांवचीं कांहीं पत्रें टिळक-आगरकरांच्या हातीं आलीं. 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें सुरू होऊन तेव्हां जेमतेम वर्ष झालें होतें. तरुण संपादकांनीं त्या पत्रांच्या आधारें बर्वे यांच्यावर टीका केली, आणि तीं पत्रें बनावट निघालीं. माफी मागूनहि १७ जुलै १८८२ रोजीं दोघांना चार चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं एकशेंएक दिवस काढले. तीं पत्रें कोणाच्या दप्तरांतून, कोणत्या वाटेनें आलीं, यासाठीं त्यांना शिक्षा झाली नाहीं. खोटें छापून एका माणसाची अब्रू घेतली, एवढ्यासाठींच झाली. शिक्षा कडक असेल, पण आरोप सरळ होता. छापलेला शब्द खरा कीं खोटा, या कसोटीवर बातमीदार उभा राहिला.

ती कसोटी सात वर्षांत मागें पडली. १८८९ सालीं काश्मीरचे महाराज प्रतापसिंह यांच्या हातून राज्यकारभार काढून घेण्यांत आला. महाराजांच्या दुर्वर्तनाचीं कारणें पुढें करण्यांत येत होतीं. पण त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'नें परराष्ट्र सचिव ड्युरंड यांचें एक गोपनीय टिपण छापलें, आणि सरकारचा डोळा गिलगिटवर आहे असें दाखवून दिलें. (वर्नाक्युलर प्रेस ॲक्टच्या तडाख्यांतून सुटण्यासाठीं १८७८ सालीं बंगालीचें एकदम इंग्रजी झालेलें पत्र तें हेंच.) त्यानंतर पंधरवड्याच्या आंत, १७ ऑक्टोबर रोजीं, हिंदुस्थानचा पहिला गुपितांचा कायदा मंजूर झाला. केवळ पत्रिकेमुळें तो झाला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. विलायतेंत त्याच वर्षीं तसा कायदा होऊन गेला होता आणि येथें त्याचीच नक्कल करण्यांत आली. परंतु कलकत्त्याच्या त्या टिपणानें विरोधाला वाव उरला नाहीं. मार्व्हिनच्या वेळीं सांपडलेली फट या कायद्यानें बुजविली. आतां कागद हरवण्याची जरूर नव्हती. मनाई असलेल्या जागीं जाणें आणि कळूं नये तें कळून घेणें, हाच अपराध झाला.

कर्झनसाहेबांनीं या कायद्याची धार मुलकी कारभारालाहि लावली. १९०३-०४ मध्यें कायदेमंडळांत गोपाळ कृष्ण गोखले यांनीं त्याला कडाडून विरोध केला. अर्थात् मतें मोजतांना त्या विरोधाची किंमत शून्य ठरली. पुढें १९२३ सालीं सर्व एकत्र करून नवा अधिनियम करण्यांत आला. त्याच्या तिसऱ्या कलमांत एक विलक्षण तरतूद आहे. आरोपीचा हेतु राष्ट्राच्या सुरक्षिततेस बाधक होता हें दाखविण्यासाठीं त्याची कोणतीहि विशिष्ट कृति सिद्ध करावी लागत नाहीं; परिस्थिति, वर्तन किंवा त्याचा ज्ञात स्वभाव यांवरून तसें दिसलें तरी पुरे. परकी राज्यकर्त्यांना असल्या तरतुदीचा मोह पडावा हें समजण्यासारखें आहे. राज्यकर्ते १९४७ सालीं गेले. कलम राहिलें, आणि सत्तर वर्षांनीं देवळालीच्या ठाण्यांत त्याचा उपयोग झाला.

देवळालीच्या खटल्याचा निकाल लागण्यापूर्वींच हाच प्रश्न दुसऱ्या रूपानें पुढें आला. या वेळीं दार विटांचें नव्हतें. २०१८ च्या जानेवारींत 'ट्रिब्यून' पत्राच्या बातमीदार रचना खैरा यांनीं लिहिलें कीं, पांचशें रुपये मोजतांच एका दलालानें त्यांना परवलीचा शब्द दिला, आणि त्याच्या साह्यानें वाटेल त्या आधार क्रमांकाच्या माणसाचें नांव, पत्ता व छायाचित्र पाहतां येऊं लागलें. आधार प्राधिकरणाच्या तक्रारीवरून दिल्ली पोलिसांनीं जो गुन्हा नोंदला, त्यांत दलालांबरोबर बातमीदार बाईंचेंहि नांव घालण्यांत आलें. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचें सहासष्टावें कलम, ज्याला २००० सालच्या मूळ कायद्यांत स्पष्टपणें 'हॅकिंग' असें नांव होतें, तेंहि त्यांत होतें. वस्तुतः कुलूप कोणीं फोडलें नव्हतें. किल्ली बाजारांत विकत मिळत होती, आणि ती मिळते एवढीच बातमी होती. ती मिळते हें विकत घेऊन पाहिल्यावांचून सांगावयाचें कसें? देशभर गवगवा झाल्यावर केंद्रीय मंत्र्यांना गुन्हा अज्ञात व्यक्तींविरुद्ध आहे असा खुलासा करावा लागला, आणि प्राधिकरणानें त्याच महिन्यांत आधार क्रमांकाऐवजीं वापरण्यासाठीं तात्पुरत्या आभासी क्रमांकाची योजना जाहीर केली.

या दोन प्रकरणांत एक भेद मात्र नजरेआड करतां येत नाहीं. आधारच्या बातमींत कोणाचा जीव गेला नाहीं, देवळालींत गेला. एखाद्या तुकडींत रात्रंदिवस एकत्र राहणारीं माणसें एकमेकांना केवळ चेहऱ्यावरून ओळखत नाहींत. आवाज, बोलण्याची ढब, खांद्याची ठेवण यांवरूनहि ओळखतात. छुपा कॅमेरा वापरणाऱ्यानें हें ध्यानीं घ्यावयास हवें होतें, असें कोणी म्हटलें तर तें चूक म्हणतां येणार नाहीं. बोलणाऱ्याला आपण जगापुढें बोलत आहों हें ठाऊक नसेल, तर त्याच्या शब्दांची जबाबदारी ऐकणाऱ्यावर दुप्पट येते. पण ही जबाबदारी वृत्तव्यवसायाच्या सचोटीची झाली. तिच्यासाठीं हेरगिरीचें कलम लावणें म्हणजे खऱ्या प्रश्नावर पडदा टाकणें होय. हेर शत्रूला सांगतो आणि स्वकीयांपासून लपवितो. येथें तर जें घडलें तें सर्व देशानें पाहिलें होतें. शिवाय त्या जवानाला आपल्या वरिष्ठांचें इतकें भय कां वाटावें, हा दुसरा प्रश्न त्या पडद्याआड राहिला तो राहिलाच.

पूनम अग्रवाल यांनीं मुंबई उच्च न्यायालयांत धांव घेतली. न्यायमूर्ति रणजित मोरे व न्यायमूर्ति भारती डांगरे यांच्या खंडपीठापुढें अर्ज चालला, आणि २०१९ च्या एप्रिलमध्यें, गुन्हा नोंदल्यापासून दोन वर्षांनीं, न्यायालयानें बातमीदार व माजी सैनिक या दोघांवरील गुन्हा रद्द केला. ज्या चित्रफितीवरून हें सारें घडलें, ती संकेतस्थळानें जवानाच्या मृत्यूची वार्ता आल्यावरच काढून घेतली होती.