पैठणहून निघालेलं जोडपं

दुर्गाघाटावरच्या आमच्या घरात आजी दिवेलागणीनंतर वंशावळ सांगायची. आमची नव्हे, भट्टांची. काशीतल्या आम्हा दक्षिणी लोकांचं मूळ तिच्या लेखी तिथेच होतं. नातं रक्ताचं नसलं म्हणून काय झालं, वाट त्यांनीच पाडली, असं ती म्हणे.

वाट पाडणारे ते रामेश्वरभट्ट, पैठणचे विश्वामित्रगोत्री विद्वान. सोळाव्या शतकाच्या आरंभी ते पत्नीसह घराबाहेर पडले. कृष्णदेवरायाच्या विजयनगरला जाऊन आले, मग द्वारकेकडे वळले. त्या वाटेवर शके 1435 मध्ये, म्हणजे इ.स. 1513 च्या सुमारास, थोरला नारायण जन्मला. द्वारकेत काही वर्षं अध्यापन, पुन्हा पैठण, आणि मग काशीचा रस्ता. त्या रस्त्यात श्रीधर झाला. धाकटा माधव मात्र काशीत. आजी हे सांगताना रामेश्वरभट्टांच्या विद्वत्तेवर फार रेंगाळायची नाही. "दिवस गेलेली बाई एवढं चालली," एवढंच म्हणायची आणि गप्प व्हायची. मलाही या घराण्याची खरी सुरुवात तिच्या चालण्यातच दिसते. तीन मुलांच्या तीन जन्मस्थळांवरून तिचा प्रवास नकाशावर काढता येतो.

पुढची नावं आजी भराभर घेई. नारायणभट्टांनी प्रयाग, काशी आणि गया या तीर्थांवर 'त्रिस्थलीसेतु' लिहिला. 1585 च्या सुमारास तोडरमलाच्या साहाय्याने विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं राहिलं, त्यातही परंपरा त्यांचंच नाव घेते. त्यांचे पुत्र रामकृष्ण आणि शंकर. रामकृष्णांचे पुत्र दिनकर व कमलाकर. कमलाकरांचा 1612 सालचा 'निर्णयसिंधु' आजही मराठी घरांतल्या व्रतवैकल्यांचे वाद मिटवतो. आणि दिनकरांचे चिरंजीव विश्वेश्वर, म्हणजे गागाभट्ट. 6 जून 1674 ला रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक करणारा पुरुष हा त्या पैठणच्या जोडप्याच्या पाचव्या पिढीतला. इथे आजीचा आवाज चढायचा.

यातला सुरुवातीचा भाग शिल्लक राहिला तो शंकरभट्टांमुळे. त्यांनी 'गाधिवंशानुचरित' या संस्कृत काव्यात घराण्याची हकीकत नोंदवून ठेवली. माझ्या मते निबंधग्रंथांच्या ढिगापेक्षा हे काम मोलाचं आहे. धर्मनिर्णय पुष्कळांनी लिहिले. आपले लोक कुठून कसे आले, हे लिहून ठेवावंसं किती पंडितांना वाटलं?

वंशवृक्षात मुलगे, नातू, पणतू येतात. लेकींसाठी फांदी नसते. आजीच्या पाठांतरातही नव्हती. म्हणूनच शंकरभट्टांच्या मुलाने, नीलकंठाने, 'व्यवहारमयूख' या कायद्यावरच्या ग्रंथात जे लिहिलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. बहीण त्याच कुळात जन्मलेली, म्हणून तीही वारस, असं त्याने मानलं. इंग्रजी अमदानीत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात न्यायालयं हा ग्रंथ प्रमाण मानत, आणि जवळचे वारस नसलेल्या भावाच्या मिळकतीत त्याच्या बापाच्या आईच्या पाठोपाठ बहिणीचा क्रम लागे. काशीच्या पंडिताने लिहिलेला तो निर्णय 1956 चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत तिकडच्या बायकांच्या उपयोगी पडत होता.