पुरण, सोले आणि हम्मस

परवा भाचीने घरी हम्मस केले. एक बीट घातलेले गुलाबी, दुसरे कोथिंबीर-मिरचीचे हिरवे, तिसरे भाजलेल्या लसणीचे. "मामा, ही अरबी चटणी," ती म्हणाली. मी बोट लावून चाखले आणि मला एकदम पांढुर्णा आठवला.

पांढुर्णा आणि सौंसर ही नावे आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसतात. वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड मारतात, त्या गोटमारीची बातमी येते आणि विषय संपतो. पण आदल्या दिवशी तिथल्या घराघरांत काय शिजते, ते कुणी छापत नाही. पुरण शिजते. बैलाला पुरणपोळीचा घास, मग माणसांची पंगत.

पुरण म्हणजे तरी काय? हरभऱ्याची डाळ मऊ शिजवायची, पाणी काढून घ्यायचे, गूळ घालून आटवायची आणि गरम आहे तोवरच वाटायची. थंड झाली की रवाळ राहते. भाचीच्या हम्मसलाही हाच नियम. काबुली चणे रात्रभर भिजवायचे, चिमूटभर सोडा घालून बोटाने चिरडतील इतके शिजवायचे, ऊन असतानाच तिळाचे वाटण, लसूण, लिंबू घालून घोटायचे. एकीकडे गूळ, दुसरीकडे लिंबू, एवढाच काय तो फरक.

'हम्मस' या अरबी शब्दाचा अर्थच मुळी हरभरा. गंमत अशी की तेराव्या शतकाच्या सुमारास कैरोत लिहिलेल्या पाकग्रंथांत चण्याचे जे थंड वाटण आहे, त्यातल्या एका कृतीत तीळ नाहीत आणि लसूणही नाही. आहेत ते सिरका, मुरवलेले लिंबू, मसाले, हिरवा पाला आणि तेल. म्हणजे स्वादाचे हम्मस हे आजचे फॅड नव्हे!

हरभऱ्याचे मूळ आजच्या आग्नेय तुर्कस्तानात. आपल्याकडे तो हडप्पा काळापासून आहे. मोठा काबुली चणा मात्र खूप उशिरा, अठराव्या शतकाच्या आसपास आला. या दाण्याचे एक इंग्रजी नाव तर पोर्तुगीजांकडूनच आले. पोर्तुगीज 'ग्रांव' म्हणजे दाणा, त्यावरूनच इंग्रजांचा 'ग्राम'. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा नाताळचा 'दोस' चण्याच्या डाळीचा आणि चवथीचे मणगणेही तिचेच.

सौंसरकडे हिवाळ्यात ओल्या दाण्यांना 'सोले' म्हणतात. मी पहिल्यांदा "सोलेभात" ऐकले तेव्हा मला वाटले, भातात आमसूल! आपल्याकडे सोलां म्हणजे कोकमाची. यजमानीणबाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमची मराठी येगळीच आहे."

वेगळी खरी. हा मुलूख देवगडच्या गोंड राजांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला, पुढे इंग्रजांच्या मध्यप्रांतात गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला मिळाले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. त्याच्यासोबत मराठी बोलणारे पांढुर्णा-सौंसरही. २०२३ साली या दोन तहसिलांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तोही मध्यप्रदेशातच. पाटीवर हिंदी, घरात मराठी. आपण १९६७ च्या जनमत कौलापासून भाषेवर भांडत आलो आहोत. त्या बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग तुमच्या घरी लेकरं कोणत्या भाषेत जेवण मागतात?"

मी उत्तर टाळले. भाचीने परवा "मामा, मोअर?" असे विचारले तेव्हा पुन्हा तोच प्रश्न कानात आला.

आता डिसेंबरात ओले सोले मिळाले की लिंबाऐवजी आमसुलाचे आगळ घालून हम्मस करायचा आमचा बेत आहे. नाव काय ठेवायचे, यावरून घरात वाद चालू आहे.