समाजशास्त्राच्या वर्गात आपण कुठे असतो?

बी.ए.ला समाजशास्त्र घेतो म्हटल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, ‘त्याने नोकरी लागते का?’ प्रश्न रास्त होता. पण वर्गात बसल्यावर मला दुसराच प्रश्न पडला. जातीच्या प्रकरणात मुसलमान नव्हताच. तो भेटला विवाहाच्या प्रकरणात: निकाह हा करार, मग मेहर, मग तलाक. आणि माझ्या मोहल्ल्यात तर बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन असे सगळे राहत होते, आणि सोयरीक जुळवताना ‘बिरादरी कोणती?’ हे आधी विचारले जात होते.

हे असे का झाले, याचे उत्तर या विषयाच्या इतिहासात आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. पॅट्रिक गेडिस पहिले प्रमुख. १९२४ मध्ये ती धुरा मालवणच्या गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. रा. देसाई हे त्यांचेच विद्यार्थी. घुर्यांचा जात आणि वंशावरचा ग्रंथ १९३२ चा. त्यांनी जातीचा शोध प्रामुख्याने संस्कृत ग्रंथांतून घेतला. त्या वाटेवर मुसलमानांची बिरादरी लागणे अवघडच होते.

पुढे १९६० मध्ये घौस अन्सारी यांनी उत्तर प्रदेशातील मुस्लिम जातींवर पुस्तक लिहिले. १९७३ मध्ये इम्तियाज अहमद यांनी मुस्लिमांतील जात आणि सामाजिक स्तरांवरचे लेख संपादित केले. २००६ च्या सच्चर अहवालात अश्राफ, अजलाफ, अरजाल या थरांची चर्चा आली. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींनी सवलती मागितल्या, तेव्हा हीच माहिती कामाची होती. जे अभ्यासात नोंदले जात नाही, ते मागणीच्या अर्जातही सिद्ध करता येत नाही.

आपल्यातले काही जण अभिमानाने सांगतात की समाजशास्त्राचा पाया इब्न खल्दूनने घातला. १३७७ मध्ये त्याने ‘मुकद्दिमा’ लिहिला, हे खरेच. पण त्याचे मोठेपण कशात? मुसलमान राजघराणी का उठतात आणि का ढासळतात, हे त्याने भीड न बाळगता तपासले. ‘इस्लाममध्ये जात नाही’ म्हणून बिरादरीचा विषय टाळणारे आपण त्याचे वारस कसे?

म्हणून एखादी मुलगी समाजशास्त्र घेते म्हणाली, तर तिला अडवू नका. नोकरीचे बघता येईल. आपल्या मोहल्ल्याची खरी नोंद मात्र बाहेरचा कुणी येऊन करणार नाही.