पाण्याच्या रांगेत पुढे कोण?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं, आठवतं? आपल्या चिंचपाडा स्टेशनातून मालगाड्या जातात, तशीच एक गाडी मिरजेहून निघाली. पण तिच्यात माल नव्हता, पाच लाख लिटर पाणी होतं. आणि त्याच मराठवाड्यात, औरंगाबादेकडे, बिअर आणि दारूचे कारखाने चालूच होते.

कागदावर पाण्याची रांग ठरलेली असते. २००३ च्या राज्य जलनीतीत आधी पिण्याचं पाणी, मग कारखाने, शेती तिसरी. २०११ मध्ये शेती दुसरी झाली. पिण्याचं पाणी दोन्ही वेळा पहिलंच, तरी कोर्टात जावं लागलं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने १० मेपासून २७ जूनपर्यंत दारू कारखान्यांचं ६० टक्के पाणी कापलं. बाकी उद्योगांचं २५ टक्के. पण ती कपात दुष्काळापुरतीच.

केरळातल्या प्लाचिमाडाच्या बाया कोर्टाची वाट बघत बसल्या नाहीत. त्या आपल्यासारख्याच आदिवासी. २००० साली तिथे कोका-कोलाचा कारखाना आला, बोअरने जमिनीतलं पाणी उपसू लागला. विहिरी खाली गेल्या, उरलेलं पाणी तोंडात घेववेना. हे आधी कळलं ते पाणी भरणाऱ्या बायांनाच. वर कारखान्यातला गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून दिला. २००३ मध्ये त्यात शिसं आणि कॅडमियम सापडलं. विष शेतात गेलं, तेही खताच्या नावाने!

एप्रिल २००२ पासून मयिलम्मा आणि तिच्या सोबतिणी कारखान्यासमोर बसल्या. पुढच्या वर्षी पंचायतीने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. मार्च २००४ मध्ये कारखाना बंद पडला. २००५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने कंपनीला रोज पाच लाख लिटर उपसायची मुभा दिली, तरी तो पुन्हा चालू झाला नाही. लातूरच्या त्या गाडीतलं सगळं पाणी, तेवढं रोज!

आपल्याकडे १९७४ च्या कायद्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राशिवाय कारखान्याला सांडपाणी सोडता येत नाही. किती सोडायचं, कुठे सोडायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. आपला नवापूर तालुका पेसात येतो, ग्रामसभेत आपला आवाज आहे. जवळपास कारखाना असेल तर तो कागद ग्रामसभेत मागा, मोठ्याने वाचायला लावा. आणि गटाच्या वहीत, हप्त्यांच्या मागच्या पानावर, विहीर कधी आटली आणि पाण्याचा वास कधी बदलला, ते तारखेसकट लिहा.