पटकीचे विष सापडले, तेव्हा

पटकीचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात ओळखला. हा जिवाणू एखादे विष सोडत असावा, असा तर्कही त्यांनी मांडला होता. त्या विषाचा पुरावा मिळायला पंचाहत्तर वर्षे लागली. आणि तो मिळाला त्याच शहरात.

मधल्या काळात संशोधक प्राण्यांच्या उदरपोकळीत हे जिवाणू टोचून पाहत. प्राणी मरत, पण पटकीचे जुलाब काही होत नसत. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील विकृतिशास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी टोचण्याची जागाच बदलली. रोग आतड्याचा, तर जिवाणू आतड्याच्या पोकळीतच सोडावेत, इतका साधा विचार! सशाच्या लहान आतड्याचा थोडा भाग त्यांनी दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि मध्ये जिवाणू सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने टम्म फुगलेला आढळला. एका सहकाऱ्यासह केलेले हे काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु हा परिणाम जिवंत जिवाणूंचा की त्यांनी सोडलेल्या द्रव्याचा, हे यातून ठरत नव्हते. म्हणून पुढे डे यांनी जिवाणू ज्या द्रवात वाढवले होते तो गाळून पूर्णपणे जिवाणुरहित केला आणि केवळ तो गाळलेला द्रव आतड्यात सोडला. आतडे तरीही फुगले. मे १९५९ मध्ये ‘नेचर’ने हा निष्कर्ष छापला. प्रयोगाला लागले ते ससे, दोरा आणि गाळणी. महागडे यंत्र एकही नव्हते.

पटकीत आतड्याचे अस्तर सोलवटून निघते, हा जुना समजही याच सुमारास मोडीत निघाला. अस्तर शाबूत राहते. विष त्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावते. साखर आणि मीठ एकत्र शोषण्याची पेशींची क्षमता मात्र टिकून असते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनोबिस यांनी याच क्षमतेच्या बळावर साखर-मिठाचे पाणी पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. (हे श्रेय थेट डे यांचे नव्हे; शोषणाचा शोध इतरांचा.)

नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. १९७८ मध्ये पटकीवरील नोबेल परिसंवादाचे निमंत्रणही त्यांना आले. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्यत्व दिले नाही. १९८५ मध्ये ते वारले. ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला, तो १९९० मध्ये.