कुर्डुवाडीचे रूळ आणि यंत्रांची बोली

कुर्डुवाडीला १८९७ पासून दोन रेल्वे एकमेकींना भेटू लागल्या. मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेल्या बार्शी लाइट रेल्वेचे ७६२ मिलिमीटर. दोन्ही आपापल्या जागी चांगल्या, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालणे शक्य नव्हते. बार्शीकडून मुंबईला जाणारा माल कुर्डुवाडीस उतरवून पुन्हा भरावा लागे. वेळ आणि मजुरी दोन्ही वाढत.

कारखान्यांतही पुढे अशीच अडचण आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मोटार कारखान्यांसाठी 'पीएलसी' हे नियंत्रक तयार झाले. पीएलसी म्हणजे संवेदकांकडून संकेत घेऊन मोटारी व झडपा चालू-बंद करणारा छोटा संगणकच. मात्र माहिती पाठवण्याची पद्धत प्रत्येक उत्पादकाची निराळी. साखर कारखान्यात बॉयलरचा नियंत्रक एका कंपनीचा व गाळपाचा दुसरीचा असेल, तर दोघांचे आकडे एका पडद्यावर आणण्यासाठी दोन वेगळे दुभाषी प्रोग्रॅम लागत.

हे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. ५ प्रकारचे पडदे आणि १० प्रकारचे नियंत्रक जोडायचे, तर ५ × १० = ५० दुभाषी हवेत. सर्वांनी मध्ये एकच बोली मान्य केली, तर ५ + १० = १५ पुरतात.

अशी बोली १९९६ मध्ये ठरली. तिचे नाव ओपीसी. नियंत्रकातील माहिती या बोलीत पुरवणाऱ्या प्रोग्रॅमला ओपीसी सर्व्हर म्हणतात. पण ती मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीवर आधारलेली होती. त्यामुळे सर्व्हरसाठी मध्ये एक वेगळा संगणक ठेवावा लागे. हा संगणक म्हणजे जणू कारखान्यातील कुर्डुवाडी! तो बंद पडला की माहितीची वाहतूकही थांबे.

२००८ मध्ये आलेली 'ओपीसी यूए' ही सुधारित बोली कोणत्याही एका प्रणालीशी बांधलेली नाही. म्हणून सर्व्हर थेट नियंत्रकातच बसवता येऊ लागला. योगायोग असा, की त्याच वर्षी कुर्डुवाडी-लातूर मार्गही रुंद झाला.

असा नियंत्रक निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्यात माहिती देणारा सर्व्हर आहे, की केवळ माहिती मागणारा क्लायंट? सर्व्हरसाठी वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो का? आणि अनोळखी संगणकाला दार बंद ठेवण्याची सोय आहे का?

एवढे झाले तरी एक काम माणसाकडेच राहते. 'टी-१ = ९०' हा आकडा बिनचूक पोहोचला, तरी टी-१ म्हणजे रसाचे तापमान की टाकीची पातळी, हे कुणीतरी आधी नीट लिहून ठेवावे लागते. रूळ जुळले की डबा पोहोचतो. डब्यात काय आहे, ते चिठ्ठीवरूनच कळते.