जुन्या फोटोची वजाबाकी

ऑगस्ट 1885 मध्ये डोरपाटच्या, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या, वेधशाळेत एर्न्स्ट हार्टविग यांना देवयानीच्या तेजोमेघात, अगदी गाभ्याजवळ, एक नवाच तारा दिसला. तो सहाव्या प्रतीपर्यंत चढला आणि काही महिन्यांत विझत गेला. तेव्हा देवयानी किती लांब आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो खरोखर किती तेजस्वी होता हेही सांगता येईना. उलट 1920 च्या सुमारास तो तारा अडचणच होऊन बसला. देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका मानली, तर या एकट्या ताऱ्याचं तेज अशक्य कोटीतलं ठरत होतं, म्हणून ती जवळच असली पाहिजे असा युक्तिवाद खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्ले करत. पुढे हबल यांनी देवयानी आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सिद्ध केलं. मग अशक्य वाटलेलं ते तेज स्वीकारण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

तोवरचं सगळं नशिबावर चाललं होतं. मुद्दाम शोधायला निघालेला पहिला मोठा माणूस म्हणजे फ्रित्झ झ्विकी. तापट, भांडखोर आणि बहुतेकदा बरोबर! 1934 मध्ये त्यांनी वॉल्टर बाडे यांच्यासोबत असं मांडलं की हे साध्या नवताऱ्यांहून निराळं प्रकरण आहे, तारा मरताना होणारा स्फोट, म्हणजे सुपरनोव्हा, आहे. एका दीर्घिकेत असा स्फोट शतकात फार तर एक-दोनदा व्हायचा, म्हणून एकीकडेच डोळे लावून बसण्यात अर्थ नव्हता. शेकडो दीर्घिका एका दमात टिपायला हव्या होत्या. झ्विकींनी आधी कॅलटेकच्या एका इमारतीच्या गच्चीवर सव्वातीन इंची भिंगाचा कॅमेरा लावला आणि कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या थव्यावर रोखला. हाती काही लागलं नाही.

मग त्यांच्या मदतीला एका एकहाती माणसाची करामत आली. बर्नहार्ड श्मिट यांचा उजवा हात लहानपणीच स्फोटाच्या खेळात गेला होता. 1930 च्या सुमारास हॅम्बुर्गजवळ त्यांनी अशी दुर्बीण घडवली की आकाशाचा मोठा तुकडा कडेपर्यंत रेखीव उमटावा. कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या डोंगरावर 1936 मध्ये तशीच 18 इंची दुर्बीण उभी राहिली. तिची प्रतिमा सपाट पडत नसे, म्हणून फिल्मही वाकवून बसवावी लागे. जुनी आणि नवी फिल्म ताडून पाहायची आणि जुनीत नसलेला ठिपका हेरायचा, एवढंच काम. 1937 च्या मार्चमध्ये पहिला सुपरनोव्हा सापडला. ऑगस्टमध्ये आयसी 4182 या फिकट दीर्घिकेत दुसरा मिळाला, तो तर अख्ख्या दीर्घिकेला झाकोळून टाकणारा होता. हयातीत झ्विकींच्या नावावर शंभराहून जास्त जमा झाले.

माझ्या मते सुपरनोव्हा शोधणाऱ्यांच्या कुळाचा मूळपुरुष दुर्बीण नव्हे, तो जपून ठेवलेला जुना फोटो आहे. ऑस्ट्रेलियातल्या रॉबर्ट इव्हान्स या धर्मगुरूंना मात्र फोटोही लागला नाही. शेकडो दीर्घिकांच्या भोवतीचे तारे त्यांना तोंडपाठ होते. परसातल्या दुर्बिणीला डोळा लावून त्यांनी चाळीसच्या वर सुपरनोव्हा शोधले.

फिल्मची जागा इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याने घेतली आणि ताडून पाहण्याची खरोखरीची वजाबाकी झाली: आजच्या चित्रातून जुनं चित्र वजा करायचं. पण दोन रात्रींची हवा सारखी नसते. एका रात्री तारे टोकदार दिसतात, दुसऱ्या रात्री पसरट. सरळ वजा केलं तर प्रत्येक ताऱ्याभोवती कडं उरतं, म्हणून चांगलं चित्र मुद्दाम बिघडवून वाईटाच्या बरोबरीला आणावं लागतं. त्यातूनही जे उरेल ते सुपरनोव्हाच असेल असं नाही. थोड्या वेळाने पुन्हा टिपल्यावर ठिपका सरकलेला दिसला, तर तो लघुग्रह.

फार दूरचे सुपरनोव्हा हे त्याहून अवघड काम. चिलीत डॅनिश दुर्बिणीवर दोन वर्षं घालवून 1988 मध्ये सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचा एक सापडला, तोही भर ओसरल्यावर. शिवाय मोठ्या दुर्बिणींचा वेळ सहा-सहा महिने आधी मागावा लागतो, आणि ‘अमुक तारखेला तारा फुटणार आहे, दुर्बीण द्या’ असा अर्ज कोण मंजूर करणार? सॉल पर्लमटर आणि त्यांच्या गटाने तोडगा काढला. एका अमावास्येनंतर लगेच हजारो दीर्घिकांचे फोटो घ्यायचे, पुढच्या अमावास्येच्या जरा आधी तेच पुन्हा. मधल्या तीनेक आठवड्यांत फुटलेले बहुतेक तारे अजून चढणीवर किंवा माथ्यावर असतात, आणि वर्णपटासाठी हवाईची केक दुर्बीण आधीच राखून ठेवलेली. स्फोट कुठे होणार हे ठाऊक नाही, पण काही तरी मिळणार हे नक्की. ही युक्ती मला झ्विकींच्या तोडीची वाटते.

1998 मध्ये दोन गटांनी, त्यांतला एक पर्लमटर यांचा, जाहीर केलं की दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेहून फिकट, म्हणजेच अपेक्षेहून लांब आहेत; याचा अर्थ विश्वाचं प्रसरण वेग घेतं आहे. 2011 चं नोबेल त्याचंच. पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी मात्र हटून होते: हा फिकेपणा दीर्घिकांमधल्या धातूच्या सुईसारख्या कणांच्या धुळीमुळेही असू शकतो. बहुतेकांना ते पटलं नाही.

2018 पासून पालोमारवरच झ्विकींच्या नावाचा कॅमेरा एका फोटोत 47 चौरस अंश आकाश टिपतो. त्याच वर्षी लडाखमधल्या हानले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची 70 सेंटिमीटरची दुर्बीण सुरू झाली. कॅलिफोर्नियात उजाडतं तेव्हा हानलेला रात्र पडत असते, त्यामुळे तिकडे नुकत्याच दिसलेल्या स्फोटाचा पाठलाग सूर्य आड आला म्हणून थांबवावा लागत नाही.